कुमसाराचं स्टूल

मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये एक लाकडी स्टूल होतं. ते स्वतः त्याच्यावर कधी बसत नसत आणि कामावरच्या माणसांनाही बसू देत नसत. गाडी घेऊन आलेल्या माणसानं मात्र आधी त्या स्टुलावर बसायचं. बॉनेट उघडायचं ते नंतर.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. वालीवच्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मी खरेदीचं काम बघायचो. साताऱ्याकडून येऊन नालासोपाऱ्यात नुकताच फ्लॅट घेतला होता. कारखान्याचा टेम्पो चढाला बसायला लागला, म्हणून तो घेऊन त्यांच्याकडे गेलो. समोर एक गृहस्थ उभे होते: पांढराशुभ्र शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात काही नाही. मला वाटलं, हे गॅरेजचे हिशेब बघणारे कुणी असतील. त्यांनी स्टुलाकडे बोट केलं.

"बस. आता हांग."

मी घाटावरचा. मला भलतंच ऐकू आलं. मी स्टुलाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "इथं?"

शेजारच्या गाळ्यात एक लेथवाला होता, मालवणकडचा. तो हसून हसून मशीनवर ओणवा झाला. "अरे, सांग म्हणतायत! सांग! मेस्त्री, तुमच्या भाषेपायी एक दिवस हे स्टूल धुवायला लागंल!"

मेस्त्री वसईजवळच्या सांडोरचे, ख्रिस्ती; चर्चला ते देऊळच म्हणायचे. तिथल्या जुन्या घरांमध्ये 'स'चा 'ह' होतो. एरवी गिऱ्हाइकांशी ते देवळात वाचन करावं तसं स्वच्छ मराठी बोलायचे. पण त्या स्टुलावर माणूस बसला, की त्यांच्या तोंडात घरची बोली यायची. त्या बसण्याला ते कुमसार म्हणायचे. देवळात फादरांपुढे जाऊन आपली पापं सांगतात, तो कुमसार. गाडीच्या मालकानं गाडीशी काय काय केलं ते आधी सांगायचं, मग मेस्त्री गाडीला हात लावणार. सांगत असताना ते पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "फादर जाळीमागं असतो ना, तसं," ते म्हणायचे. "तोंड दिसलं की माणूस तोंडाकडे बघून बोलतो. मला त्याचं तोंड नको, गाडीची गोष्ट पायजे."

एकदा एक कंत्राटदार आला. गाडी नुसती धूर ओकत होती. काही केलं नाही, काही केलं नाही, असं तो शपथेवर सांगत होता. मेस्त्रींनी खिशातून सुकेळं काढून त्याला दिलं. त्यांच्या वाडीतली केळी सुकवून घरी सुकेळी व्हायची आणि ती पांढऱ्या शर्टाच्या खिशात कायम असायची. "खा आधी," म्हणाले आणि पाठ फिरवली. सुकेळं चिवट असतं, घाईत गिळता येत नाही. ते चघळता चघळता माणूस ऐसपैस होतो. अर्ध्यातच कंत्राटदार म्हणाला, "डिझेलमध्ये थोडं रॉकेल..." मेस्त्री भिंतीकडे बघत म्हणाले, "थोडं म्हणजे किती, ते पन हांगून टाक. अर्ध्या कुमसाराला माफी नाय."

कॉन्व्हेंटची बस यायची. बसबरोबर येणाऱ्या सिस्टरला मात्र ते स्टुलावर बसवत नसत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिला काय विचारू? ती मलाच विचारील."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे कान. ते देवळातल्या गायनमंडळात खालच्या पट्टीत गायचे, आणि त्याचा त्यांना गर्व होता. गर्वच म्हणतो. नम्र वगैरे ते मुळीच नव्हते. इंजिन चालू करून ते डोळे मिटायचे आणि तोच सूर घशातून काढत राहायचे. मग त्यांचा सूर आणि इंजिनचा सूर जिथं फाटायचा, तिथं बोट वर करायचे. ऐकायचं असलं की शेजारी ओरडायचे, "बंद कर रे मशीन, दोन मिनिटं! माझा पेशंट बोलतोय!" लेथवाला शिव्या देत मशीन बंद करायचा. आजूबाजूच्या गाळ्यांमध्ये सगळे त्याला हसायचे, पण तो बंद करायचा खरा.

पांढऱ्या शर्टाचंही तेच. "ज्याच्या अंगावर तेल उडतं, त्यानं आधी ऐकलेलं नसतं. उगाच उघडलेलं असतं." हे ते अशा थाटात म्हणायचे, की ऐकणाऱ्या इतर मेकॅनिकांना राग यावा. येतही असे.

चुकायचेही. एका गाडीत बेअरिंग वाजतंय असं त्यांनी छातीठोक सांगितलं, चाक उघडलं, आणि शेवटी सीटखाली कुणाच्या तरी डब्यातला चमचा सापडला. लेथवाल्यानं तो चमचा सुतळीला बांधून गॅरेजच्या दारावर टांगला. मेस्त्रींनी तो काढला नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "बघ, बेअरिंगच्या सुरातला चमचा. असा चमचा शोधून दाखव."

टेम्पोनंतर मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तो कामाशिवायही. दुपारचा डबा तिथं खायचो. मी मुळात कमी बोलणारा माणूस आहे. त्या स्टुलाशेजारी बसून मला बरं वाटायचं. तिथं सगळं दुसरेच बोलायचे. मेस्त्री मला "घाटावरच्या" म्हणायचे. त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी वेगळी सुकेळी पाठवायला सुरुवात केली होती. हे सगळं यासाठी सांगतो, की पुढं जे झालं ते परक्या माणसाशी झालेलं नाही.

आमच्या शेठनी नवीन गाडी घेतली. काळी, भलीमोठी, टर्बोची डिझेल गाडी. त्या काळात वालीवमध्ये टर्बो हा शब्द गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलेला दिसला, की माणसं वळून बघायची. शेठ काही दिवस गावी गेले आणि गाडी कारखान्यात ठेवून किल्ली माझ्याकडे दिली. "रोज एकदा चालू करून बंद कर. बाहेर काढू नकोस."

रविवारी मी ती बाहेर काढली. बायकोला आणि मेहुणीला घेऊन कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. त्याला काही कारण नव्हतं. अजूनही मी कारण शोधतो आणि मला सापडत नाही. मेहुणी म्हणाली, "भावोजी, वाळूवरून चालवा ना," आणि मी गाडी ओल्या वाळूवर घातली. भरती लागली होती. चाक रुतलं, एक लाट पुढून बॉनेटवर आली. कोळ्यांची दोन-चार पोरं आली, त्यांनी ढकलून बाहेर काढली. "शेठ, गाडी हाय का होडी?" एक जण म्हणाला. मेहुणी हसली. मीही हसलो.

घरी आल्यावर मात्र लक्षात आलं. खारं पाणी. शेठना गंज दिसला असता, तर माझी नोकरी गेली असती, आणि फ्लॅटचे हप्ते नुकते सुरू झाले होते. बिल्डिंगच्या मागे पाइप लावून मी बॉनेट उघडून सगळं धुतलं. इंजिन जिथून हवा घेतं ते तोंड हेडलाइटच्या मागे असतं. तिथून पाणी आत जाऊ नये म्हणून बायकोच्या जुन्या सुती ओढणीचे बोळे करून त्यात कोंबले. धुऊन झाल्यावर ओढून काढले. काढले असं मला वाटलं.

शेठ परत आले आणि दोन दिवसांत गाडी घेऊन ओरडत कारखान्यात आले. सावकाश चालवली की काही नाही. हायवेला लागून पाय दाबला, टर्बो भरायला लागला, की गाडी अडखळायची. जणू मागून कुणी शर्ट धरलाय. मागे काळा धूर. पाय सोडला की पुन्हा शहाणी. खाडीवरच्या पुलाच्या चढाला तर मागचे ट्रक हॉर्न वाजवून पुढे गेले, हे शेठना सगळ्यात जास्त लागलं होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर लागायला वेळ होता. मीच म्हणालो, मेस्त्रींना दाखवू.

मी म्हणालो. वाळूचा आणि या दुखण्याचा संबंध असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. एवढं मात्र खरं.

मेस्त्रींनी शेठना स्टुलावर बसवलं. शेठ बसले, सुकेळं काही खाल्लं नाही. "मी गावी होतो, गाडी याच्याकडे होती," म्हणून माझ्याकडे बोट केलं. मग मी बसलो. मेस्त्री भिंतीकडे वळले.

"हांग घाटावरच्या. बाहेर काढलीस?"

शेठ समोर उभे होते.

"नाही."

"पाण्यात घातलीस? धुतलीस?"

"नाही, मेस्त्री. रोज नुसती चालू करून बंद केली."

मेस्त्री वळले. दुसरा कुणी असता तर त्यांनी आणखी एक सुकेळं काढलं असतं. माझ्यासाठी काढलं नाही. "बरं," म्हणाले. "हा खोटं बोलायचा नाय. मग पाण्याचं सोडून देऊ." आणि हवेच्या तोंडाकडे बघायचं त्यांनी सोडून दिलं.

पुढचे काही दिवस ते त्या गाडीच्या मागे लागले होते. मी शेजारी बसायचो, ते दाबत जायचे, सूर धरत जायचे. टर्बोची शिट्टी चढत जायची, त्यांचा आवाजही चढत जायचा, आणि एकदम दोन्ही तुटायचे. मला समजावत म्हणायचे, "टर्बो म्हणजे मागून फुंकर मारणारा माणूस. आता हा फुंकर मारतोय, शिट्टी चोख आहे. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, हवा येत नाय. म्हणजे ह्याच्यापर्यंतच हवा पोचत नाय." डिझेलचा फिल्टर बदलला. टर्बोकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपांना साबणाचं पाणी लावून, आत हवा भरून बुडबुडे शोधले. एअर फिल्टर नवा घातला. एअर फिल्टरचं झाकणच काढून एकदा हायवेला नेऊन बघतो म्हणाले, तर शेठ उसळले, "नवीन गाडी उघडी टाकून धुळीत पळवणार? गॅरंटी तुम्ही देणार का?"

त्या दुपारी आम्ही डबा खात होतो. मेस्त्री जेवत नव्हते. हातातला पाव तसाच होता.

"मला काय वाटतं माहितीय?" ते म्हणाले. "कुनी तरी तिच्या नाकात बोळा घातलाय. हळू श्वास घेतला की जातो. जोरात घेतला की बोळा आत ओढला जातो. सोडला की परत ढिला. अगदी तसा आवाज हाय. पन बोळा येनार कुठून?"

ओढणीचे मी दोन बोळे केले होते. एक आधी आत सरकला, म्हणून वर दुसरा लावला होता. बाहेर काढताना हाताला एकच लागला होता.

तेव्हा सांगता आलं असतं. शेठ तिथं नव्हते, आम्ही दोघंच होतो, स्टूल हाताच्या अंतरावर होतं. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "मेस्त्री, कारखान्यात जायला पाहिजे."

मनात होतं, संधी मिळाली की गुपचूप काढून टाकू. पण त्याच संध्याकाळी शेठ आले. सर्व्हिस सेंटरचा नंबर लागला होता आणि तिथल्या माणसानं फोनवरच टर्बो गेलाय असं सांगितलं होतं. मेस्त्री म्हणाले, "टर्बो गेलेला नाय. माझ्या कानानं सांगतो. हवा अडकते, टर्बोच्या आधी. उद्याचा दिवस द्या."

"तुमचा कान तुमच्या देवळात लावा," शेठ म्हणाले. लेथवाला मशीन बंद करून बाहेर आला होता, आजूबाजूचेही आले होते. "टर्बो खराब निघाला ना, तर पुन्हा माझ्या कारखान्याची एक सायकलसुद्धा इथं येणार नाही."

"आणि हवा निघाली तर?" मेस्त्रींनी विचारलं.

"हवा निघाली तर मी या स्टुलावर बसून तुमचं सुकेळं खाईन."

गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायचं काम माझ्याकडे आलं. पूल ओलांडून मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, तारेचा आकडा करून हवेच्या तोंडात घातला. बोळा लगेच आला. काळा झाला होता, पण कडेची निळी फुलं दिसत होती. पुढच्या चढाला मी पाय दाबला आणि गाडी अशी उठली, की माझी पाठ सीटला टेकली. शिट्टी वरच्या सुरापर्यंत गेली, कुठंही तुटली नाही.

मी गाडी पुन्हा थांबवली. वालीवला परत फिरायला समोरच वळण होतं. परत गेलो असतो, तर बोळा दाखवावा लागला असता. बोळा दाखवला, तर ओढणी कुणाची ते सांगावं लागलं असतं. बोळा मी खाडीच्या बाजूला फेकला आणि सरळ सर्व्हिस सेंटरला गेलो. गाडी आता बरी आहे हेही तिथं सांगितलं नाही. त्यांनी टर्बो बदलला, चालवून पाहिली, उत्तम चालली. टर्बोच होता, असं सगळ्यांचं म्हणणं ठरलं.

शेठनी ते लेथवाल्याच्या गाळ्यासमोर गाडी उभी करून सांगितलं. मेस्त्रींनी गाडी चालू करायला लावली, डोळे मिटले, सूर धरला. कुठंच फाटला नाही. त्यांनी बोट वर केलं नाही. डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. विचारल्यासारखं.

"घाटावरच्या, तू नेलीस ना? वाटेत कशी चालली?"

"तशीच," मी म्हणालो. "अडखळत."

त्यांनी मान हलवली. "मग माझा कान गेला."

त्यांचं उत्पन्न बुडालं, गॅरेज बंद पडलं, असलं काही झालं नाही. तसं झालं असतं, तर कदाचित मी बोललो असतो. झालं ते डोळ्यांत न भरणारं होतं. स्टुलावर ऑइलचे डबे आले. गिऱ्हाईक आलं की मेस्त्री काही न विचारता बॉनेट उघडायचे. लेथवाला एकदा स्वतःहून मशीन बंद करून म्हणाला, "मेस्त्री, ऐका तुमच्या पेशंटला." ते म्हणाले, "चालू दे रे. उघडून बघतो." पांढरा शर्ट जाऊन खाकी आला आणि त्याच्यावर डाग पडू लागले. मग लेथवाल्याकडूनच कळलं, की ते देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला जातात, पण गायनमंडळात उभे राहत नाहीत. मागच्या बाकावर बसतात. गाताना ओठसुद्धा हलवत नाहीत. आपला सूर लागतोय की नाही हे आपल्यालाच कळत नाही, म्हणतात.

डबा खायला मी हळूहळू जायचं बंद केलं. पुढं कारखाना बदलला, वालीवच सुटलं. त्यांच्या घरची सुकेळी काही दिवस जुन्या कारखान्यात माझ्या नावानं येत राहिली, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

बरीच वर्षं गेली. मी स्वतःची गाडी घेतली, साधी, जुनी. दर वेळी ती बिघडली, की मी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली आणि दर वेळी त्यानं काही विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. कुठं आपटली, कधी ऑइल बदलायचं राहिलं. मेकॅनिक कंटाळायचे. बायको म्हणायची, "त्याला एवढं कशाला सांगत बसता?" तिला मी ओढणीचं कधीच सांगितलं नव्हतं. ती हरवली एवढंच तिला माहीत होतं.

एका दुपारी काही न ठरवता मी वालीवला वळलो. गॅरेज तिथंच होतं. दारावरचा चमचा गंजला होता, पण होता. लेथवाल्याचे केस पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं नाही. मेस्त्रींनी ओळखलं. "घाटावरच्या," म्हणाले, आणि सवयीनं माझ्या गाडीच्या बॉनेटकडे गेले.

"गाडीला काही झालेलं नाही, मेस्त्री."

"मग?"

मी स्टुलावरचे डबे एक एक करून खाली ठेवले. स्टुलाला तेलाचा थर चढला होता. हातरुमालानं पुसलं, तो काळा झाला. मी बसलो.

मग त्यांनी खाकी शर्टाला हात पुसले आणि भिंतीकडे वळले.

"हांग," म्हणाले.

मी सांगितलं. किनारा, लाट, धुणं, बोळे, स्टुलावरचं खोटं, डबा खातानाचं गप्प बसणं, पुलापलीकडचा चढ, आणि शेवटचं ते "अडखळत". ते शेवटचं वगळावंसं वाटलं. पण अर्ध्या कुमसाराला माफी नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. पूर्ण सांगितलं तरी माफी मिळेलच असं मला वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही.

मेस्त्रींनी भिंतीकडे बघतच विचारलं,

"बोळा कसला?"

"ओढणीचा."

"सुती का टेरिकॉट?"

"सुती."

"सुतीच," ते भिंतीला म्हणाले. "टेरिकॉट असता तर फडफडला असता. सुती ओला होऊन बसतो." मग म्हणाले, "म्हंजे तू नेलीस तेव्हा ती सुरात होती."

"पूर्ण सुरात. वरपर्यंत."

ते वळले. माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यावरून पुढे दारापर्यंत गेले आणि शेजारी बघून ओरडले. तो आवाज मी किती वर्षांनी ऐकत होतो.

"बंद कर रे मशीन, दोन मिनिटं!"

लेथ थांबला. लेथवाला बाहेर आला, हात पुसत. "काय झालं मेस्त्री?"

"हवाच होती."

"कसली हवा?"

"त्या काळ्या टर्बोत. हवाच होती. टर्बो ठीक होता."

लेथवाला त्यांच्याकडे बघत राहिला, मग आत स्टुलावर बसलेल्या माझ्याकडे. "आता इतक्या वर्षांनी? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी स्टुलावरून उठायला लागलो. मेस्त्रींनी न वळताच हातानं मला बस म्हणून खुणावलं.

"कुनी नाय," ते म्हणाले. "ऐकू आलं."